दुर्मीळ पालींचा ठावठिकाणा जाहीर करावा का?

मुठाकाठ (कोथरूड)
पावसाळा सरताना पुण्याहून साताऱ्याच्या पठारांवर जाणाऱ्या निसर्गप्रेमींसाठी हे लिहीत आहे. वरद गिरी आणि आरन बाउअर यांनी २००८ मध्ये चाळकेवाडीहून नोंदवलेली ‘हेमिडॅक्टिलस सातारेन्सिस’ ही चिमुकली निशाचर पाल जमिनीवर राहते आणि दिवसा सुट्या दगडांखाली दडते. छायाचित्रासाठी दगड उचलून तो तिरका ठेवला, की खालची ओल उन्हात उडून जाते. सड्यावर, म्हणजे या उघड्या खडकाळ पठारावर, झाड नाही, माती जेमतेम, मग तिने जायचे कुठे? शिवाय या कुळातल्या पाली बहुधा एका वेळी दोनच अंडी घालतात. म्हणून छायाचित्रासोबत नेमकी जागा देऊच नये, असे माझे ठाम मत आहे. ‘गोनियुरोसॉरस लुई’ या दक्षिण चीनमधल्या पालीचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी ती इतकी पकडली गेली, की मूळ ठिकाणी दिसेनाशी झाली.

चिरेखाण_विरोधक
आपली कळकळ रास्त आहे, पण निष्कर्ष पटत नाही. त्या देखण्या पालीला परदेशात गिऱ्हाईक होते. आपल्या मातकट पालींना जेसीबीचे भय अधिक आहे. रत्नागिरीच्या जांभ्या सड्यांवर ‘हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस’ ही १९६३ मध्ये वर्णिलेली पाल राहते. ते सडे सरकारदरबारी बहुधा पडीक ठरतात, चिऱ्यांसाठी कापले जातात, हापूसच्या बागांसाठी फोडले जातात आणि सुटे दगड गडग्यांत, म्हणजे दगडी कुंपणांत, जातात. खाणीला हरकत घ्यायची तर गाव आणि गट क्रमांक सांगावाच लागतो. जी जागा कुणालाच ठाऊक नाही, तिच्यासाठी ग्रामसभेत कोण बोलणार?

पर्वतीपायथा
यात पवनचक्क्यांचाही विचार व्हावा. चाळकेवाडीच्या पठारावरील २०१८ च्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी आणि ‘सराडा सुपर्बा’ या जातीचे सरडे जास्त आढळले. त्यावरून पवनचक्क्या पालींनाही मानवतात, असे काही जण बोलू लागतात, ते मला घाईचे वाटते. दिवसा उघड्यावर वावरणाऱ्या सरड्याचे गणित रात्री हिंडणाऱ्या पालीला लागू होईलच असे नाही.

मुठाकाठ (कोथरूड)
गट क्रमांक वन खात्याला आणि ग्रामपंचायतीला अवश्य द्यावा, त्याला माझी हरकत नाही. माझा विरोध मोबाईलवरून सर्वांना मिळणाऱ्या अक्षांश-रेखांशांना आहे, कारण पुढच्याच रविवारी तिथला प्रत्येक दगड उलथला जातो.

चिरेखाण_विरोधक
मग दगड उलथण्यावर बंदी मागू या, माहितीवर नको. व्हिएतनामच्या होन खोआई बेटावरची ‘निमास्पिस सायकेडेलिका’ ही पाल २०१० मध्ये जगासमोर आली. तिचाही व्यापार सुरू झाला, हे खरे, पण तिचे बेट आणि तिच्यावरचे संकट जाहीर होते, म्हणूनच २०१६ मध्ये तिला साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात घालण्याचा निर्णय होऊ शकला. साताऱ्याच्या पालीची बाजू मांडणारे लोक पठाराखालच्या गावांतच हवेत आणि त्यांच्यापासून जागा लपवून ते तयार होणार नाहीत.