मदत हवी आहे: मका-गव्हाच्या रानात सेंद्रिय कर्ब कसा वाढवायचा?
नमस्कार मंडळी, निफाड तालुक्यात आमचं अडीच एकर काळं रान आहे, खरिपात मका नि रब्बीत गहू असंच पाच-सहा वर्षं चालूय, आता माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के आलाय आणि पाणी दिल्यावर वरचा थर एवढा टणक होतो की खुरपं घुसत नाही, गांडूळ तर दिसतच नाही. मागच्या साली गव्हाचं काड न जाळता गाडलं तर मका पिवळी पडली, काड कुजताना नत्र ओढून घेतं हे नंतर कळलं. तरी जाळणार नाहीच. हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून फुलोऱ्यात गाडायचा म्हटलं तर ४५-५० दिवस जातात, आणि मे महिन्यात विहीर कोरडी. मग एक खरीप मक्याऐवजी सोयाबीन घेऊ का? काडावर डिकंपोझर (काड लवकर कुजवणारं जिवाणूंचं द्रावण) कुणी मारलंय का, खरंच फरक पडतो? शेणखत एकरी किती ट्रॉल्या टाकता तेही सांगा ना प्लीज.