आर्मी मेसमधल्या बॉलला काय घालू? पैठणी का गाऊन, आणि तिथं वागायचं कसं?

राजारामपुरीची_पोरगी
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. नुकताच साखरपुडा झालाय, होणारे अहो कॅप्टन आहेत आणि पुढच्या शनिवारी त्यांच्या मेसमध्ये बॉल आहे, म्हणजे जेवण आणि डान्स. आमच्या घरात फौजेत कुणीच नाही, आबा एसटीत होते. कार्डवर '19.45 फॉर 20.00' असं काहीतरी, खाली जेन्ट्सना मेस ड्रेस किंवा लाउंज सूट, लेडीजना नुसतंच फॉर्मल. आई म्हणते पैठणी नेस आणि साज घाल, मैत्रीण म्हणते गाऊन शिव. ह्यांना विचारलं तर 'काही पण घाल, छान दिसशील'. आता ह्या उत्तराचं काय करू सांगा की! धाकट्या भावाला पण बोलावलंय, तो कुर्त्यावर करकर वाजणारी कोल्हापुरी घालून यायचं म्हणतोय.

छावणीतली_वहिनी
अगं साडीच नेस, डोळे झाकून. मेसमध्ये साडीला कुणी कधी नाव ठेवत नाही, गाऊन पण चालतो पण पूर्ण लांबीचा आणि तुला त्यात सहज बसता उठता आलं पाहिजे. फक्त पैठणी जरा विचार करून, डान्स करायचाय ना? लग्नानंतरच्या पहिल्याच बॉलला माझ्या पदराचा जरीकाठ ह्यांच्या मेस जॅकेटवरच्या छोट्या मेडल्समध्ये अडकला, दोघंही फ्लोअरच्या मधोमध उभे, आणि शेवटी सीओंच्या, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या, मिसेसनी स्वतः येऊन एकेक धागा सोडवला. हसल्या नाहीत हो, पण मला अजून आठवलं की घाम फुटतो. शिफॉन किंवा साधी सिल्क घे, पदर खांद्यावर नीट पिनअप कर. आणि पेन्सिल हील नको, पार्टी लॉनवर असली की टाच मातीत रुतते.

निवृत्त_मेस_हवालदार
ताई, मी बावीस वर्षं ट्रे घेऊन भिंतीला उभा राहून हे सगळं बघितलंय, गाव सैनिक टाकळी, त्यामुळं फौज सोडून दुसरं काय करणार होतो. 19.45 फॉर 20.00 म्हणजे पावणेआठला आत हजर, आठला कार्यक्रम सुरू. आठ दहाला पोचलात तर कॅप्टन साहेबांना दुसऱ्या दिवशी ऐकून घ्यावं लागंल, तुम्हाला कोण काय बोलणार नाही. आधी सीओ साहेब आणि मॅडमना भेटून गुड इव्हनिंग म्हणायचं, मग बाकीचे. टेबलावर बसून डिनर असलं तर पीएमसी साहेब, म्हणजे मेस कमिटीचे प्रेसिडेंट, उठून 'मिस्टर व्हाइस, द प्रेसिडेंट ऑफ इंडिया' म्हणतात, मिस्टर व्हाइस म्हणजे टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाचा ज्युनिअर ऑफिसर. सगळे उठले की उठायचं, बँड राष्ट्रगीत वाजवंल तवा ग्लास टेबलावरच, टोस्ट, म्हणजे राष्ट्रपतींच्या नावानं ग्लास उचलणं, नंतर. पाण्याचा ग्लास उचलला तरी चालतंय, दारू प्यायलाच पाहिजे असं काय नाही. आणि चीफ गेस्ट निघाल्याशिवाय आपण निघायचं नाही, कितीबी झोप आली तरी.
फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका. आणि युनिट कुठं जाणार, कधी जाणार असले प्रश्न भावाला विचारू देऊ नका, पोरं उत्साहात विचारत्यात.

पंचगंगा_काठचा
भावाला सांग कोल्हापुरीचा नाद सोड भावा 😄 नेव्हीनं 2024 मध्ये मेसमध्ये कुर्ता पायजम्याला परवानगी दिली, पण त्यावर बिनबाह्यांचं जॅकेट आणि पायात फॉर्मल शूज किंवा सँडल लागतात, आणि ती नेव्ही, हे आर्मी. कार्डवर लाउंज सूट लिहिलंय म्हटल्यावर गडद सूट, टाय, पॉलिश केलेले लेसचे बूट. सूट नसंल तर बंदगळा चालतो का ते दाजींना आधीच विचारून घ्या.

राजारामपुरीची_पोरगी
बापरे, मेडलचं वाचून पैठणी परत कपाटात! पण मला डान्स अजिबात येत नाही त्याचं काय? आणि साज?

छावणीतली_वहिनी
साज लांब असतो, तो पण अडकणार. ठुशी घाल की, गळ्यालगत बसते आणि पक्की कोल्हापूरची. डान्सचं म्हणशील तर स्लो, स्लो, क्विक, क्विक एवढं घरी चार दिवस कर, बाकी अहो ओढून नेतील. दुसऱ्या कुणी डान्सला विचारलं तर एक गाणं करायचं, नको असेल तर हसून नको म्हणायचं, कुणी मनावर घेत नाही. जेवणानंतर डीजे भांगड्यावर आला की कोण कसं नाचतंय हे बघायला कुणाला वेळ नसतो.

राजारामपुरीची_पोरगी
ठुशीवर आई लगेच तयार झाली, आजीची आहे म्हणून. भाऊ सूट घालतोय, पण कोल्हापुरी पिशवीत घेतलीय, म्हणतोय परत येताना गाडीत तरी घालणारच.