व्हिस्की निवडताना बाटलीवरचं वय बघावं का?

रामबागकर:
इंदूरच्या मराठी घरांत हल्ली व्हिस्कीबद्दल मोकळेपणानं बोललं जातं, हे मला आवडतं. पण बोलणं फिरून फिरून दोनच गोष्टींवर येतं: किती वर्षांची आणि केवढ्याची. परदेशातून कुणी आलं की ड्यूटी फ्रीची बाटली येते. बारा वर्षांची असेल तर बरी, अठरा वर्षांची असेल तर थेट काचेच्या कपाटात. चव कशी होती हे कुणी सांगतच नाही.

माझं मत सरळ आहे. नाव, वय आणि किंमत झाकून चाखल्याशिवाय आपली बाटली सापडत नाही. आणि तसं चाखलं तर आपल्यातल्या बऱ्याच जणांचं बोट पाच-सहा वर्षांच्या भारतीय सिंगल माल्टवर, म्हणजे एकाच भट्टीत नुसत्या मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीवर जाईल.

वयाचा हिशोब मुळात स्कॉटलंडच्या थंडीचा आहे. तिथे ओकच्या पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के माल उडून जातो. बंगळुरूला हेच प्रमाण दहा-बारा टक्क्यांवर जातं. म्हणजे तिथे बारा वर्षं पिंप ठेवलं तर जेमतेम पाव हिस्सा हाती लागेल. उष्णतेनं दारू लाकडात खोलवर शिरते आणि बाहेर येते, रंग आणि चव भराभर उतरते. म्हणून आपल्याकडची पाच वर्षं आणि तिकडची पाच वर्षं एकाच मापानं मोजता येत नाहीत. बंगळुरूच्याच अमृत कंपनीनं 2013 मध्ये आठ वर्षांची माल्ट काढली, तर त्या वेळी आपल्याकडे तेवढं वय म्हणजे फार झालं. तिला नावही ‘ग्रीडी एंजल्स’ म्हणजे हावरे देवदूत असं दिलं, कारण उडून जाणाऱ्या मालाला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात.

अमृतचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. ही कंपनी 1948 मध्ये बंगळुरूला जगदाळे कुटुंबानं सुरू केली. घरातला मुलगा इंग्लंडला शिकत होता. आपली माल्ट तिकडे चालेल का हे बघायचं ठरलं तेव्हा नाव न सांगता ती लोकांना चाखायला दिली, आणि चाखणाऱ्यांना ती स्कॉचच वाटली. मग 2004 मध्ये भारतात नाही, ग्लासगोमध्ये ती बाजारात आणली. लेबल आधी दाखवलं असतं तर कुणी ग्लास नाकाजवळही नेला नसता असं मला वाटतं.

घरी करायचं तर खर्च काही नाही. तीन सारखे ग्लास घ्या, तोंडाशी निमुळते असले तर उत्तम. एकानं दुसऱ्या खोलीत प्रत्येकात पंधरा मिली ओतायची आणि तळाला चिठ्ठी चिकटवायची. रंगावर जाऊ नका, स्कॉचमध्येही रंगासाठी कॅरॅमल घालायला कायद्यानं परवानगी आहे. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवा, नाहीतर अल्कोहोलच नाकात भरतं. मध्ये मध्ये कोरड्या पोळीचा तुकडा खा. शेव नको, तिखटामिठानं पुढचा घोट मरतो. ग्लासमध्ये बर्फ तर अजिबात नको, गारठली की व्हिस्की वास धरून ठेवते.

खरी परीक्षा हवी असेल तर तीनपैकी दोन ग्लासांत एकच व्हिस्की भरा आणि वेगळी कोणती ते विचारा. नुसत्या अंदाजानंही तिघांतला एक जण बरोबर येतो, म्हणून ती फेरी पुन्हा पुन्हा करावी लागते. आमच्या गच्चीवर हे केलं तेव्हा अठरा वर्षांच्या खाली काही न घेणाऱ्या मित्रानं सगळ्यात वर अमृत फ्यूजन ठेवली.

मंद आच:
रामबागकर, चाखायची पद्धत उत्तम सांगितलीत. निष्कर्ष मात्र पटला नाही.

उष्णतेनं लाकूड लवकर उतरतं हे खरंच आहे. पण लाकूड उतरणं आणि मुरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिंपात तीन कामं चालतात. आतली जळकी बाजू कच्च्या दारूतला गंधकाचा उग्रपणा शोषून घेते. लाकडातून व्हॅनिला, मसाला, तुरटपणा उतरतो. आणि तिसरं, लाकडातून झिरपणाऱ्या हवेशी संथपणे खेळत आम्ल आणि अल्कोहोल मिळून फळांसारखे वास तयार होतात. उन्हाळा दुसऱ्या कामाला ढकलतो, तिसऱ्याला तितका नाही. म्हणून आपल्या पुष्कळ माल्टमध्ये ओक पुढे आणि बाकी सगळं मागे असतं. चांगल्या जुन्या स्कॉचमध्ये पिकलेलं फळ, मेण, जुन्या लाकडी पेटीचा वास असे थर लागतात, ते वेळेशिवाय येत नाहीत.

दुसरं, तुमची परीक्षाच एका बाजूला झुकलेली आहे. फ्यूजन पन्नास टक्के अल्कोहोलची आहे. समोरची अठरा वर्षांची बहुधा चाळीस किंवा त्रेचाळीसची असेल. पंधरा मिलीच्या घोटात जी जास्त तेज आणि जास्त गोड ती जिंकणारच. त्यातून सिद्ध इतकंच होतं की तुमच्या मित्राला जोरदार व्हिस्की आवडते.

आणि वय म्हणजे नुसता मिरवायचा आकडा नाही. स्कॉचच्या लेबलवर बारा लिहिलं असेल तर आतला सगळ्यात कोवळा थेंबसुद्धा बारा वर्षांचा असावा लागतो. कायद्यानं पक्की अशी फार थोडी माहिती त्या लेबलवर असते, आणि तुम्ही तीच झाकायला सांगताय.

सुपर कॉरिडॉर:
मला सोड्याबरोबर आवडते आणि तशीच पिणार. तुम्हा दोघांच्या लिहिण्यात बर्फ-सोडा घेणाऱ्याला काही कळत नाही असा सूर आहे. जपानात व्हिस्कीत भरपूर पाणी किंवा सोडा घालून जेवणाबरोबर घेतात, आणि यामाझाकी उभी राहिली ती 1923 मध्ये. शंभर वर्षं व्हिस्की करणाऱ्या देशाला कळत नाही असं कोण म्हणेल? एप्रिल-मेमध्ये इंदूरच्या उकाड्यात पन्नास टक्क्यांची नुसती, काही न मिसळता घेऊन बसायचं तरी कसं?

माझी आवडती साधी ब्लेंडेड, म्हणजे माल्टमध्ये इतर धान्याची व्हिस्की मिसळलेली स्कॉच आहे, भारतातच बाटलीत भरलेली. सोड्यात ती टिकते, मित्रांना परवडते. महाग माल्ट सोड्यात घातली तर पैसे वाया गेले असं वाटतं, मग घ्यायचीच कशाला?

रामबागकर:
मंद आच, तेजीचा मुद्दा रास्त आहे आणि त्यावर उपायही सोपा आहे. पन्नास टक्क्यांच्या तीस मिलीत साडेसात मिली पाणी घातलं की ती चाळीसवर येते. मोजायला औषधाच्या दुकानातली सिरिंज पुरते. आम्ही दुसऱ्या फेरीत बरोबरी करूनच चाखलं. क्रम थोडा हलला, पण फ्यूजन खाली गेली नाही. तिच्यात भारतीय बार्लीबरोबर स्कॉटलंडची पीटेड, म्हणजे दलदलीतल्या पीट मातीच्या धुरावर वाळवलेली बार्ली असते. तो मागून येणारा हलका धूर पाणी घातल्यावर उलट जास्त कळला.

सुपर कॉरिडॉर, सोड्याला माझा विरोध नाही. पण सोड्यासाठीही तीन ब्लेंड झाकून चाखून बघा. सवयीची तीच पहिली येईल असं सांगता येत नाही.

खरगोनची:
पाण्याबद्दल थोडं. 2017 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी संगणकावर गणित मांडून दाखवलं की पातळ केलेल्या व्हिस्कीत धुराचा वास देणारा ग्वायकॉल पृष्ठभागाशी जमतो, आणि अल्कोहोल साठ टक्क्यांच्या आसपास गेलं की तो आत ओढला जातो. पाण्यानं वास उघडतो असं जुने पिणारे म्हणतात, त्याला यातून आधार मिळतो.

पण पाणी कोणतं? इंदुरात नळाला नर्मदा येते, चव चांगली, तरी क्लोरीनचा वास असतो. तो माल्टमध्ये लगेच कळतो. बोअरिंगचं पाणी तर जड, घोट खडूसारखा लागतो. घरच्या आरओचं पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून घालते, त्यानं फरक पडतो.

आणखी एक, काचेचं कपाट उन्हात असेल तर अठरा काय नि पाच काय. बाटली उभी आणि अंधारात ठेवा. आडवी ठेवली तर तेज दारूनं बूच खराब होतं. अर्ध्याखाली आलेली बाटली आपल्याकडच्या दोन उन्हाळ्यांत उतरते. जपून ठेवण्यापेक्षा संपवलेली बरी.

माहेर इंदूर:
माझं सासर बडोद्याला आणि माहेर इंदूरला. दोन्हीकडची बाजू सांगते.

गुजरातेत 1960 पासून दारूबंदी आहे. तब्येतीच्या कारणानं किंवा बाहेरून येणाऱ्यांना परवाना मिळतो. बाकी लपूनछपून जे येतं त्यात नामवंत बाटली पुन्हा भरलेली असण्याचा धोका असतो. तिथे बारा वर्षं की पाच वर्षं यावर वाद घालणारे आमच्या ओळखीचे लोक सीलकडेही बघत नाहीत. मी बडोद्यात घेतच नाही. इंदूरला आले की दुकानातून बिल घेऊन आणलेली घेते. रामबागकर, झाकून चाखायचं ते ठीक, पण आधी ती बाटली खरी आहे याची खात्री लागते. तुमच्या धाग्यात तेच नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुमच्या गच्चीवर कोण कोण होतं? आमच्या माहेरी काका, भाऊ, जावई गच्चीवर वास घेत बसतात आणि आई, वहिनी खाली गराडू तळून जिरावन भुरभुरून वर पाठवतात. आवडती बाटली शोधायचा हक्क अजून निम्म्या घराला मिळालेला नाही. गेल्या थंडीत मी वहिनीला घेऊन वर गेले. पीटेड ग्लास नाकाजवळ नेऊन ती म्हणाली, “चुलीवरचं दूध लागलं की असाच वास येतो.” त्या रात्री इतकं नेमकं दुसरं कुणी बोललं नाही.

रामबागकर:
ताई, तुम्ही म्हणता ते खरं आहे. आमच्या गच्चीवर दोघी होत्या, एकीनं चिठ्ठ्या लावल्या आणि दुसरीनं चाखलं. पण बहुतेक घरांत तुम्ही म्हणता तसंच चालतं. आणि सीलचं म्हणाल तर रिकामी बाटली भंगारात देण्याआधी लेबल फाडून टाका, पुन्हा भरणाऱ्यांच्या हाती ती जाऊ नये.

चाळिशीपार:
इतकं वाचून एक गोष्ट खटकली म्हणून लिहितो. सगळे चवीबद्दल बोलताहेत, शरीराबद्दल कुणीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1988 मध्येच दारूला पक्क्या कर्करोगकारकांच्या गटात टाकलं. जानेवारी 2023 मध्ये याच संघटनेनं स्पष्ट सांगितलं की प्रकृतीला सुरक्षित असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. पाच वर्षांची असो की अठरा, शरीराला त्यातलं इथेनॉल सारखंच. माझ्या घरात दारूनं एक माणूस गेला, तो सुद्धा चवीचा दर्दी होता. पंधरा मिलीचा खेळ तीन ग्लासांवर थांबतो का, हे प्रत्येकानं स्वतःला विचारावं. आणि पोरांसमोर बाटल्यांचं कपाट मांडणं मला अजिबात पटत नाही.

मंद आच:
चाळिशीपार, तुमच्या घरातलं वाचून वाईट वाटलं. सुरक्षित प्रमाण नाही हे मी मान्य करूनच घेतो. म्हणूनच महिन्याला एखादी संध्याकाळ आणि चांगली व्हिस्की, हा माझा नियम आहे. स्वस्त आणि रोज याच्या मी सक्त विरोधात आहे. कपाटाबद्दल तुमच्याशी सहमत.

लष्करकर, ग्वाल्हेर:
स्कॉटलंड की बंगळुरू हा वाद चालू आहे आणि आपण बसलोय मध्य प्रदेशात. आपल्या मातीची दारू मोहाची. भिल्ल आणि गोंडांच्या घरी लग्न, पूजा, मरण, कशातही मोह लागतो. इंग्रजांनी 1892 मध्ये मुंबई इलाख्यात कायदा करून मोहाच्या फुलांवरच बंधन आणलं, आणि मोह म्हणजे हलकी दारू हा समज आपण आजही बाळगून आहोत. आता आपल्याच राज्यानं तिला हेरिटेज मद्य म्हणून विकायला परवानगी दिली आहे. फुलांचा गोडसर दर्प, मागे हलका धूर, कुठल्याही माल्टच्या पंगतीत बसेल. झाकून चाखायचंच तर चौथा ग्लास मोहाचा ठेवा.

मंद आच:
मोहाला माझा पाठिंबा आहे, पण तिची परीक्षा व्हिस्कीशी लावू नका, फुलाच्या दारूला धान्याच्या दारूची फूटपट्टी लावल्यासारखं होईल. तिला तिचा वेगळा ग्लास द्या.

मूळ विषयाकडे येतो. रामबागकर, भारतीय माल्ट स्वस्त पडते म्हणूनही लोक तिच्याकडे वळलेत, हे नाकारू नका. ब्रिटनशी 2025 मध्ये करार झाला, त्यात स्कॉचवरची दीडशे टक्के आयात ड्यूटी आधी पंचाहत्तर आणि दहा वर्षांत चाळीसवर आणायची आहे. किमती जवळ आल्या की खरा सामना होईल. शिवाय पंधरा मिलीवर माझा विश्वास नाही. जी बाटली तीन महिने, वेगवेगळ्या संध्याकाळी घेऊनही कंटाळा आणत नाही ती आवडती. पहिल्या घोटाला दिपवणारी ओकची गोडी दहाव्या पेगला जड होते, हा माझा अनुभव आहे.

रामबागकर:
किमती उतरल्या तर मीही स्कॉच घेईन, माझं भांडण लेबलशी आहे. आणि तीन महिन्यांची अट मान्य. दोन्ही बाटल्या एकाच दिवशी उघडायच्या, दोन्ही कागदात गुंडाळून अंधारात ठेवायच्या, ओतणारा वेगळा. तुमच्या बाजूनं कोणती?

मंद आच:
कॉल इला बारा. त्रेचाळीस टक्के, स्कॉटलंडच्या आयला बेटाची, धुराची. तुमची?

रामबागकर:
पॉल जॉन बोल्ड. गोव्याची, तीही पीटेड, सेहेचाळीस टक्के. तीस मिलीला दोन मिली पाणी घातलं की तेज सारखं होतं. सिरिंज मी आणतो.