फणस रस्त्यावर आणि स्टेपनीत हवा नाही

ताई: दादा कुठे पोचलात?? फेरीत चढलात का? आत्याने वडे थापून ठेवलेत, कढई चढवायची थांबलीय

(दीड तासाने)

दादा: आत्ता रेंज आली. तवसाळच्या जेट्टीवर आहोत. अगं हेदवी सोडली आणि समोरून चिऱ्याचा ट्रक आला, मी गाडी साईडपट्टीवर उतरवली तर पुढचा डावा टायर फाटला, दोन बोटं जातील एवढी चीर

धाकटा: पंक्चर किट दिलं होतं ना तुला

दादा: अरे चीर कडेला आहे, ती रबराची वात मधल्या भागात खिळाबिळा घुसला तरच कामाची, साईड फाटली की टायर गेलाच

मोठे काका: मग स्टेपनी कशाला असते

वहिनी: काका त्यांनाच विचारा 😡 पंपावर चारी चाकांत हवा भरली, मी म्हटलं स्टेपनीची बघा, तर म्हणे वर सगळं सामान आहे कोण काढणार. मग काढलंच ना, भर उन्हात. तांदळाचं पोतं, दोन फणस, बॅगा सगळं रस्त्याकडेला. एक बाई फणस केवढ्याला म्हणून विचारून गेल्या

धाकटा: 😂😂😂

दादा: स्टेपनी दाबली तर उशी. त्यात परवाच्या पावसाने माती मऊ, जॅक खालीच जातोय, मग गडग्यावरचा सपाट चिरा घातला खाली. आणि नट ढिले न करताच गाडी उचलली मी, पाना मारतोय तर चाकच गरगर फिरतंय, हँडब्रेक लागतो मागच्या चाकांना. परत खाली घेतली, नट सैल केले, परत वर

मोठे काका: आवळताना समोरासमोरचे आवळलेस ना? ओळीने आवळले तर चाक वाकडं बसतं. उद्या परत एकदा पाना मार

दादा: हो काका. हवा वाडीतल्या एका आजोबांच्या पायपंपाने भरली, नातवाच्या मोटारसायकलचा. आम्ही तिघं आळीपाळीने. वीसवर काटा आला आणि पाय गेले. हळूहळू आलोय, जयगडला उतरलो की आधी हवा

धाकटा: लायटरच्या सॉकेटला लागतो तो छोटा कंप्रेसर आत्ता ऑर्डर करतोय

वहिनी: दोन कर. एक ह्यांच्या उशाशी ठेवते

ताई: पैसे घेतले का आजोबांनी?

दादा: छे. एक फणस ठेवून आलो त्यांच्या पडवीत. फेरी लागली, वडे घाला

वहिनी: आणि सुरीला तेल काढून ठेवा, उरलेला फणस पोत्याखाली फुटलाय