आर्वी-पुलगावच्या बाजूला चांगले चिकन विंग्ज कुठं मिळतील?

वर्धाकाठ
नमस्कार मंडळी. माझा आतेभाऊ आठ वर्षांनी दिवाळीला गावी येतोय. तो न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात राहतो. घराजवळच्या पबमध्ये दर शुक्रवारी मित्रांसोबत विंग्ज खायला बसतो, आणि फोनवर त्याचं एकच टुमणं, "तसंच बसू भाऊ, पण आपल्या लोकांत." लहानपणी आम्ही एका ताटात जेवलोय. त्याची ही इच्छा मला नीट पुरी करायची आहे.

अडचण म्हणजे आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, बसायचं तर नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात जावं लागतं. दुसरी अडचण, मागच्या वर्षी शहरातल्या एका मोठ्या ठिकाणी विंग्ज मागवले होते. वरून लालभडक, आत चामडी रबरासारखी आणि सॉस नुसता गोड. एक प्लेट संपली नाही. आई कार्तिक पाळते, म्हणून घरी शिजवणं नाही. पाच-सहा जण आहोत. गाडी साळा चालवेल, तो घेत नाही. कुठं जावं, काय मागवावं?

धामणगावची
दादा, पुलगावजवळ पूल ओलांडून आमच्या बाजूला या. बार निवडताना पाटी पाहू नका, फॅमिली रूममध्ये डोकावून पाहा. संध्याकाळी सात-साडेसातला तिथं बायकापोरं जेवत असतील, तर स्वयंपाक चांगला आणि माल ताजा. आम्ही माहेरची सगळी मंडळी अशाच ठिकाणी जातो. कांदा-लिंबू घातलेले उकडलेले चणे आणि अंडा भुर्जी आधी मागवा. ही भुर्जी बिघडली असेल तर पुढचं काही मागवायचं नाही, उठायचं.

भट्टीवरचा
भाऊ, मी अकरा वर्सं बारच्या भट्टीवर काढले, म्हून सांगतो. तुमी विंग्ज शोधून राह्यले, पन ते तं आपल्या हरेक बारात हायत. लॉलीपॉप म्हंजे काय? कोंबडीचा पंखच! पंखाले तीन सांधे असतेत. खांद्याकडच्या जाड तुकड्याचं मास खालून सोलून वर गोळा केलं का लॉलीपॉप झालं. मधल्या तुकड्यात दोन हड्ड्या असतेत, त्यातली बारीक काढून त्याचंबी बनवते. तुमच्या भावाच्या गावात हेच दोन तुकडे न सोलता, चामडीसकट तळतेत.

आता मागवाचं कसं ते आयका. पोऱ्याले विचारजा, लॉलीपॉप इथंच बनवता का पाकिटातलं हाय? पाकिटातल्याची हड्डी सारी एकसारखी कापलेली दिसते आन् मैद्याचा थर जाड असते. इथं बनवलेलं लहान-मोठं असते. मंग म्हनजा, भट्टीवाल्याले सांग, रंग टाकू नको, सॉसमधे घोळू नको, सुकं तळून लसून-मिरची येगळी दे. भट्टीवाला चांगला असंल तं त्याले असा गिऱ्हाईक आवडते. मले तं लय आवडे. वर्साकाठी दोन-तीनच जन असं नीट सांगून मागवत.

वरोरेकर
भट्टीवरच्या भाऊंशी सहमत. थोडं आमच्या अनुभवाचं सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती, ती २०२१ मध्ये उठली. आमच्या रस्त्यावरचे बरेच बार त्या काळात बंद झाले. एक मात्र नुसत्या जेवणावर तगला, कारण त्याचा सावजी रस्सा आणि तळलेली मासोळी खायला लोक दारू नसतानाही यायचे. तेव्हापासून मी कुठंही गेलो की आधी विचार करतो, इथली बाटली काढून घेतली तर लोक येतील का?

आणखी एक, परत येताना बाटली गाडीत ठेवू नका. पूल ओलांडला की दारूबंदीचा कायदा लागतो. साळा गाडी चालवणार हे फार चांगलं केलंत. १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं.

वर्धाकाठ
लॉलीपॉप म्हणजे पंख, हे मला खरंच माहीत नव्हतं! भावाला विचारलं. तो म्हणाला, ज्या अँकर बारमध्ये १९६४ मध्ये टेरेसा बेलिसिमो यांनी हे विंग्ज पहिल्यांदा केले असं सांगतात, तो त्याच्याच गावात आहे. नाव शहरावरून पडलं, म्हशीशी संबंध नाही. तिथं पीठ लावत नाहीत, नुसतं तळून तिखट सॉस आणि बटरमध्ये घोळवतात, सोबत सेलरीच्या काड्या आणि ब्लू चीजची चटणी. मग विचार आला, एक संध्याकाळ बारमध्ये लॉलीपॉपवर बसावं आणि दुसऱ्या दिवशी वावरात, दारूशिवाय, स्वतः विंग्ज तळावे. भट्टीवरचे भाऊ, जमेल का?

भट्टीवरचा
जमते नाई तं काय! मी एक एक सांगतो.

पंख बॉयलरचेच घ्याचे. गावरानीचा पंख बारीक न् चिवट, तो रस्स्यात घंटाभर शिजवाचा, तळाचा नाई. एका कोंबडीले दोनच पंख, तुमाले तीस तरी लागन, म्हंजे पंधरा कोंबड्या. म्हून चिकनवाल्याले दोन दिवस आधी सांगजा, आन् रविवार धरजा, त्या दिवशी माल लय कापल्या जाते. चामडी सोलू नको म्हनून दोनदा सांगजा. त्याचा हात आपल्या सवयीनं सोलतच जाते, आन् चामडी गेली का विंग्ज गेले.

पंख धुतल्यावर फडक्यानं कोरडे करजा, मीठ लावून तास-दीड तास हवेवर ठेवजा. ओला पंख कढईत टाकला का तेल उडते आन् चामडी नरम राहते.

आता चूल. पहिलं तळन बाभळीच्या निखाऱ्यावर, मंद आचेवर, दहा-बारा मिनिटं. कान देऊन आयकजा. टाकल्याबरोबर तेल जोरात तडतडते, मंग आवाज उतरत जाते. आवाज उतरला म्हंजे चामडीतलं पानी गेलं. काढून पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. मंग चुलीत मागच्या वर्साच्या तुराट्या, म्हंजे तुरीच्या वाळल्या काड्या, टाका. तुराटी भस्सकन पेटते, जाळ उंच जाते, तेल कडक होते. त्या तेलात दोन-तीन मिनिटं. चामडी काचेसारखी कडक होते, बोटानं टिचकी मारली तं टकटक वाजते. ह्या दुसऱ्या तळनासाठीच तुराटी पाह्यजे, निखारा तिथं पुरत नाई.

सॉससाठी भिवापुरी मिरची घेजा. तिले भौगोलिक मानांकन हाय, तिखट न् रंग दोनी देते. गरम पान्यात भिजवून लसून, मीठ, शिरका टाकून बारीक वाटा. वाटन आन् लोनी सारखंच, मंद आचेवर एकजीव करा. पंख काढल्याबरोबर त्यात घोळा आन् लगेच खा. पाच मिनिटं ठेवले तं मेहनत पान्यात.

धामणगावची
सेलरी इथं मिळणार नाही. कोवळी काकडी लांब कापून द्या. आणि दह्यात लसूण आणि भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर, घालून चटणी करा, त्या तिखटावर ती हवीच.

वर्धाकाठ
हाडाजवळ लालसर दिसलं तर कच्चं समजायचं का?

भट्टीवरचा
कवळ्या कोंबडीच्या हड्डीजवळ शिजल्यावरबी लाल राह्यते. सांध्यात सुरी खुपसा. पानी साफ निंगालं आन् सांधा सहज ढिला झाला तं शिजलं. लाल पानी आलं तं परत कढईत. आन् पंखाचे टोकं फेकू नका, तीस हायत. आलं, मिरे टाकून उकळा, दुसऱ्या दिवशी त्याच पान्यात गावरानी शिजवा.