प्रतिसाद: पडदा बघणं आणि संगणक हाताळणं

वर दोघांनी लिहिलंय की वर्गात स्मार्ट टीव्ही आला की मुलं तंत्रज्ञान आपोआप शिकतात. नाही पटलं. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं कौतुक झालं, ते योग्यच. पण कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा व्हिडिओ बघणं म्हणजे शेवटी बघणंच. मूल स्वतः काय करतं?

मी सोलापुरात सातवीला शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या आया विड्या वळतात. गेल्या वर्षी मुलांना लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये (एक्सेलसारखाच, पण मोफत) आईच्या रोजच्या विड्यांची नोंद करायला लावली. हजार विड्यांचा दर एका चौकटीत, विड्यांचा आकडा दुसरीत, मजुरी सूत्रातून. एकाने 800 ऐवजी 8000 टाइप केलं. आलेख एकदम आभाळात! "बाई, आमच्या आईला काय दहा हात हायेत का?" असं म्हणत त्यानेच चूक शोधली. सूत्र, आलेख, आकडा तपासून बघणं, सगळं दोन तासिकांत आलं. (मराठी टायपिंगला मात्र महिना गेला. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीतली जोडाक्षरं, विचारू नका.)

चालू संगणक चारच, त्यात वीज गेली की खडू-फळा. म्हणून तिघांचा गट करते आणि कीबोर्ड दर दहा मिनिटांनी फिरवते, नाहीतर एकच हुशार पोरगा खुर्ची अडवून बसतो. टीव्हीच्या पैशात जुने दोन संगणक मिळत असतील तर मी तेच मागेन.