मठात खात्यागणिक वेगळी तिजोरी, ही चूक नव्हती का?

पाऊलवाट:
इंग्लंडमधला बरी सेंट एडमंड्सचा बेनेडिक्टाइन मठ, बारावं शतक. मठाधिपती ह्यू म्हातारे झालेले, नजर अधू, आणि हाताखालचे अधिकारी आपापल्या खात्यासाठी कर्ज काढत सुटलेले. चर्चची इमारत, मेणबत्त्या, मौल्यवान वस्तू बघणारा तो सॅक्रिस्ट, त्याने एक पडकी खोली दुरुस्त करायला कुणाला न सांगता ४० मार्क घेतले, म्हणजे साधारण २७ पौंड, आणि व्याज चढत चढत १०० पौंड झाले तेव्हा मठाला कळलं! ह्यू ११८० ला गेले, ११८२ ला त्यांच्या जागी सॅमसन आले, त्यांनी कर्जाच्या कागदांवर मारायचे सगळ्यांचे शिक्के जमा करायला लावले तर ३३ निघाले. माझं म्हणणं एवढंच की मठाच्या मालकीच्या गावांचं उत्पन्न असं खात्यांत वाटून दिलं तिथंच घोळ झाला.

रानमेवा:
अजिबात पटलं नाही. मठाधिपती वारला की नवीन येईपर्यंत त्याच्या वाट्याचं उत्पन्न राजाकडे जायचं. साधूंचा वाटा वेगळा काढलेला असायचा म्हणून त्यांना जेवायला तरी मिळायचं. दोष वाटणीचा नाही, हिशोब न विचारणाऱ्या ह्यूंचा आहे.

पाऊलवाट:
मठाधिपती आणि साधू यांचे वाटे वेगळे हे मलाही मान्य, पण साधूंच्या वाट्याचे परत कोठारी, कपडेवाला, आजाऱ्यांचा, दानधर्माचा असे तुकडे कशाला? एकाकडे शिल्लक आणि दुसरा कर्जात, असं होणारच ना.

जुनी_पेठ:
कोठारी म्हणजे सेलररबद्दल बोलते. हे मठ ज्या संत बेनेडिक्टच्या नियमांवर चालायचे, त्याच्या नियमावलीत ३१ वं प्रकरण अख्खं त्याच्यावर आहे. तो खादाड नसावा, मठाची साधी भांडीसुद्धा वेदीवरच्या भांड्यांइतकी जपावीत, आणि कुणी काही मागितलं न् द्यायला नसेल तर निदान चांगला शब्द द्यावा. किती माणुसकीने लिहिलंय! अन्नाची जबाबदारी घेणाऱ्याकडे साधनंही हवीत, रोज वर हात पसरून स्वयंपाकघर चालत नाही.

पाऊलवाट:
त्याच प्रकरणात लिहिलंय की मठाधिपतीच्या आज्ञेशिवाय त्याने काहीही करू नये. ते सोडलंत.

जुनी_पेठ:
सोडलं नाही. पण आज्ञा मठाधिपतीची, बाहेरच्याची नव्हे. सॅमसननी पुढे कोठाऱ्याच्या डोक्यावर आपला एक कारकून बसवला, जो साधू नव्हताच, आणि साधू केवढे दुखावले हे त्यांच्याच मठातल्या जोसेलिनने लिहून ठेवलंय, जो एकेकाळी सॅमसनचा खास माणूस होता. कर्ज आटोक्यात आणणं बरोबरच होतं, त्याबद्दल सॅमसनना मानते. पण घरच्या माणसाला असा पहारा, हे मला नाही पटत.

रानमेवा:
+१. शिक्के काढून घेतले तिथंच थांबायला हवं होतं.

पाऊलवाट:
कारकुनाचं मान्य, ते चुकलंच. तुकड्यांबद्दल मात्र मी अजून तिथंच आहे.